बैलाइतके मजबूत, पण तितके चपळ नाहीत

खैरटोला, ता. पोंभुर्णा
१२ डिसेंबर

उर्वशी,

पाकीट पाहून दचकू नकोस, कोणी वारलेलं नाही. घरात मोबाईल एक आणि त्यावर हात पाच, म्हणून पत्र लिहिते आहे. उत्तर अंगणवाडीच्या पत्त्यावर टाक. पोस्टमन खिचडीच्या वेळेलाच येतो, कधी चुकत नाही.

ऑगस्टमध्ये तू नागभीडहून येऊन बाहेरून बारावीला बसायचा माझा सतरा नंबरचा फॉर्म भरून दिलास. आता निस्तर. तुला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण लिहिल्याशिवाय माझाच त्यावर विश्वास बसत नाही. चोवीस वर्षांपूर्वी आपल्या गावच्या नाटकाला ह्यांच्याकडची मंडळी पाहुणी म्हणून आली होती. आपल्याकडची रीतच ती, नाटकाला घरोघर पाहुणे आणि पाहुण्यांत सोयरिकी. माझ्या बाबांनी जेवता जेवता ठोकून दिलं, "पोरगी बारावी पास हाये." परीक्षा तर अजून व्हायची होती! मेमध्ये लग्न झालं, जूनमध्ये निकाल लागला. तू पास झालीस आणि इंग्रजी शिकवायला लागलीस. मला इंग्रजीत अठरा मिळाले. बाबा म्हणाले, आता गप्प राहा. ती मी आजवर गप्प आहे.

आता आमच्या अंगणवाडीच्या सेविकाबाई ३१ मेला निवृत्त होताहेत. मदतनीस म्हणून त्यांच्या जागेवर पहिला हक्क माझा, पण बारावीचा कागद दाखवावा लागतो. आमचे हे गावभर सांगत फिरतात, "कागदाची काय चिंता, पेटीत पडला हाये." पेटीत काय पडलं आहे ते मला माहीत. फेब्रुवारीत पास झाले नाही तर नोकरी जाईल आणि चोवीस वर्षांची अब्रूही जाईल.

बाकीचे पेपर मराठीत आहेत, ते मी बघून घेईन. इंग्रजीत मात्र एका धड्यावर गाडी रुतली आहे. हेतू, परिणाम आणि तुलना दाखवणारी मिश्र वाक्यं. तीन दिवस वाचते आहे, तिन्ही मला एकसारखीच दिसतात.

तुझी, अठरा मार्कांची,
धुरपता

नागभीड
२० डिसेंबर

धुरपते,

तीन दिवस एकाच पानावर बसलीस म्हणजे चिकाटी आहे. आता अक्कलही येईल.

हे असं समज. हेतू म्हणजे करायच्या आधी मनात असतो तो. परिणाम म्हणजे करून झाल्यावर गळ्यात पडतो तो. तू पहाटे मोहाची फुलं वेचायला जातेस, कशाला? जनावरांच्या आधी पोचावं म्हणून. हा हेतू. मोह इतका पडला की टोपली पुरली नाही, हा परिणाम. इंग्रजीत 'सो' आणि 'दॅट' एकमेकांना चिकटून बसले तर बहुतेक वेळा हेतू असतो. दोघांच्या मध्ये एखादं विशेषण घुसून बसलं की परिणाम.

तुलनेचं तर तुला शिकवायलाच नको, दोन जावांमध्ये नांदली आहेस. दोन्ही बाजूंना 'ॲज' लावलं की बरोबरी. 'दॅन' आला की कोणी तरी वर आणि कोणी तरी खाली.

अभ्यास देते. तुमच्या गावचं नाटक असेलच. त्याचं निमंत्रण इंग्रजीत लिही, आणि त्यात तिन्ही प्रकारची वाक्यं आली पाहिजेत. एक अट आहे. वाक्यं तुझ्या घरातली, तुझ्या अंगणातली पाहिजेत. पुस्तकातल्या जॉन आणि मेरीचं आपल्याकडे काही काम नाही. खरं लिहिलंस की लक्षात राहील.

उर्वशी

खैरटोला
४ जानेवारी

गुरुमाउली,

खरं लिही म्हणालीस ना? मग घे. शुद्ध प्रत वेगळी जोडली आहे, पण मजेची वाक्यं इथेही उतरवते.

"कम अर्ली सो दॅट यू मे गेट अ प्लेस निअर द स्टेज." हा हेतू.

"द ड्रामा इज सो सॅड दॅट ईवन द बुल्स विल क्राय." हा परिणाम. दिवसा आमच्याकडे बैलांच्या शर्यतीचा पट आहे ना, म्हणून बैल गावातच असतील.

"अवर ड्रामा इज बेटर दॅन द ड्रामा ऑफ द नेक्स्ट व्हिलेज." ही तुलना. आणि शेवटी बरोबरीसाठी काही सुचेना. तेवढ्यात हे ओसरीवर अर्धा तास एकच चप्पल शोधत होते. ती पायातच होती. मग सुचलं. "माय हजबंड इज ॲज स्ट्राँग ॲज अ बुल, बट नॉट ॲज क्विक."

उर्वशी, मी चुलीपाशी एकटीच इतकी हसले की मोनाली धावत आली. पोरीला वाटलं, धूर गेला डोळ्यांत. इंग्रजीत मी काही बोलू शकते, आणि तेही ह्यांच्याबद्दल, आणि ह्यांना कळणारही नाही! अठरा मार्कांत मला ही मजा कोणी सांगितलीच नव्हती.

धुरपता

नागभीड
१२ जानेवारी

धुरपते,

दहापैकी साडेनऊ. अर्धा मार्क अक्षराचा कापला.

नवऱ्याचं वाक्य व्याकरणात निर्दोष आहे, पण संसाराच्या दृष्टीने काढून टाक. मी शिक्षकांच्या खोलीत ते वाचून दाखवलं, नाव न सांगता. मुख्याध्यापकांनी डबा खायचा थांबवला आणि विचारलं, "हे माझ्या घरून आलं का?"

आता हसणं बंद. तुझ्या निमंत्रणात नाटकाची तारीख दहा फेब्रुवारी आहे. इंग्रजीचा पेपर अकराला, सकाळी अकरा वाजता. हे तुझ्या लक्षात आलं आहे का? आदल्या दिवशी तुझ्या घरी चाळीस पाहुणे जेवायला असतील! काही तरी कर. आणि वहीची कच्ची पानं जपून ठेव.

उर्वशी

खैरटोला
२५ जानेवारी

उर्वशी,

कच्ची पानं जपून ठेव म्हणालीस. पत्र चार दिवस उशिरा पोचलं.

निमंत्रणाची कच्ची प्रत मी तांदळाच्या कोठीवर ठेवून विसरले. आमचे हे म्हणजे नाटक मंडळाचे सचिव. शेजारच्या गावाने त्याच तारखेच्या नाटकाचं रंगीत पोस्टर छापलं म्हणून आठ दिवस ह्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्यांना कोठीवर इंग्रजी कागद दिसला. 'ड्रामा' आणि तारीख एवढं वाचता आलं. तेवढं पुरलं.

"पोट्टे, हे तूनं लिवलं काय?" त्यांनी मोनालीला विचारलं.

मोनाली नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इंग्रजी कागद घरात दुसऱ्या कोणाचा असणार? तिने कागद पाहिला, माझं अक्षर ओळखलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हो बाबा," ती म्हणाली. "मीनंच लिवलं."

माझ्या पोरीने मला वाचवलं, ग. नंतर गोठ्यात गाठून म्हणाली, "आई, कधीपासून शिकून राह्यली तू?" मी रडले. ती हसली.

पण ह्यांनी तोवर पोंभुर्ण्याला जाऊन दीडशे झेरॉक्स काढल्या. एसटीच्या कंडक्टरांजवळ, बाजारात, सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांकडे वाटल्या. "त्यांचं पोस्टर रंगीत, आपलं निमंत्रण इंग्रजी!" असं म्हणत फिरताहेत. नवऱ्याचं ते वाक्य खाली आहेच. स्वतःच्या हाताने दीडशे घरी पोचवलं त्यांनी.

याहून पुढचं ऐक. एक प्रत कोरपन्याला गेली. तिथल्या मनकर्णाबाईंचा मुलगा धनराज सिमेंटच्या कारखान्यात कामाला आहे. बाईंचा निरोप आला, "जिनं हे पत्र लिवलं ते पोरगी पाहाले दहा तारखेले येतो." हे इतके फुगले की दारातून आडवं शिरावं लागेल. पसंत पडलं तर त्याच दिवशी सुपारी फोडायची म्हणतात. मोनालीला शिक्षण पुरं केल्याशिवाय लग्न नको आहे. पण ती म्हणते, "तुझा पेपर होऊ दे आई, मंग मी बाबाले सांगतो."

माझा हेतू होता पस्तीस मार्क. परिणाम बघ काय झाला. मी काय करू? खरं सांगितलं तर पेपरच्या आदल्या दिवशी घरात वणवा पेटेल. नाही सांगितलं तर पोरीची सुपारी फुटेल.

धुरपता

नागभीड
३१ जानेवारी

धुरपते,

पत्र वाचून मी वर्गाबाहेर जाऊन हसले, क्षमा कर.

माझा सल्ला ऐक, गप्प बस. चोवीस वर्षं बसलीस, आणखी अकरा दिवस बस. शेवटच्या ओळीपर्यंत कोण वाचतं? लोक तारीख बघतात आणि जेवायला येतात. पाहुण्यांना जेवू घाल, सुपारी काही तरी करून लांबव, अकराला पेपर दे. मग बोल.

काळजी करू नकोस. इतकं वाचणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

उर्वशी

खैरटोला
१२ फेब्रुवारी

उर्वशी,

इतकं वाचणारा माणूस नव्हता. मोबाईल होता.

दहा तारखेची दुपार. शेतात पट सुरू, बैलांच्या नावाने आरोळ्या चाललेल्या. घरी बेचाळीस पाहुणे. चुलीवर दोन गंज भात, एका गंजात मटण. मी झारा हातात घेऊन मनात 'सो' आणि 'दॅट' घोळवत होते. अंगणात खाटेवर मनकर्णाबाई, बाजूला धनराज, समोर हे नव्या टोपीत. मोनाली चहाचा ट्रे घेऊन उभी. सुपारी ताटात तयार.

मनकर्णाबाईंनी चहा घेतला नाही. म्हणाल्या, "लटारूभाऊ, एक गोठ विचारतो, राग नोका येऊ देऊ. तुमच्या पोरीचं लगन आधी झालं होतं काय?"

ह्यांनी टोपी काढली. "काऊन बाई, असं काऊन म्हणता?"

"मंग हा नवरा कोणाचा?" बाईंनी धनराजला कोपर मारलं. त्याने मोबाईल झेरॉक्सवर धरला आणि बटण दाबलं. मोबाईलमधली बाई मराठीत बोलायला लागली, बातम्या देतात तशी, बिनचेहऱ्याची. "माझे पती बैलाइतके मजबूत आहेत, पण तितके चपळ नाहीत."

उर्वशी, मला तू आठवलीस, आणि तुझ्या नावाने जे तोंडात आलं ते लिहीत नाही.

मोनाली पांढरी पडली. "ते... मैत्रिणीसाठी..." असं काही तरी बोलायला लागली. बेचाळीस तोंडं तिच्याकडे वळली. कोणी तरी "आँ?" म्हणालं. आणि मला कळलं, आता माझी पोरगी माझ्यासाठी आणखी एक खोटं बोलणार, आणि ते तिला जन्मभर पुरणार. माझ्यासारखं. तुझा सल्ला तिथेच चुलीत गेला. मी झाऱ्यासकट अंगणात आले.

"ते पत्र मीनं लिवलं," मी म्हटलं. "नवरा माहा हाये. हे बसले ते."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मोबाईलकडे. मी थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. "अन् मी बारावी पास नाई. लग्नाच्या येळी बाबानं खोटं सांगितलं. इंग्रजीत अठरा मार्क होते. उद्या पुन्हा पेपर हाये, पोंभुर्ण्याले, अकरा वाजता. माह्या पोट्टीले काही म्हणू नोका."

बोलता बोलता झाऱ्यातून रस्सा माझ्याच पायावर गळला. भाजलं ते संध्याकाळी कळलं.

हे उठले. मला वाटलं, आता ताट भिरकावतात. हे म्हणाले, "बैलापेक्षा हळू? मी?"

पहिल्यांदा मनकर्णाबाई हसल्या. मग बेचाळीसच्या बेचाळीस. पटावरची माणसं काय झालं म्हणून कुंपणापाशी आली. हे मात्र हसले नाहीत. खाटेवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. "चोवीस वर्षं?" म्हणाले. "चोवीस," मी म्हटलं. "मले नाई सांगितलं तूनं." "नाई सांगितलं. भेव वाटे." मान खाजवली त्यांनी. मग म्हणाले, "मंग ऐक. मी बी दहावी पास नाई. नववीतूनच ढोरं चाराले गेलो. आमच्या बाबानं बी जेवता जेवताच सांगितलं होतं."

उर्वशी, माझ्या पेटीत एक कागद नव्हता, ह्यांच्या पेटीत दुसरा नव्हता, आणि दोघं चोवीस वर्षं त्याच पेट्यांवर अंथरूण घालून झोपलो.

त्यानंतर अंगणात खरं बोलायची साथच आली. मनकर्णाबाई म्हणाल्या, "आता लपवून काय करू? आमचा धनराज परमनंट नाई, कंत्राटावर हाये." धनराज म्हणाला, "अन् मले इंग्रजी येत नाई. मोबाईलच वाचते." ह्यांचे मावसेबुवा मागून ओरडले, "माहे दात खोटे हायेत!" त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. मोनालीने ट्रे खाली ठेवला आणि बापाच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "बाबा, मले शिक्षण होयेपर्यंत लगन नाई करायचं." हे म्हणाले, "सांगून टाक तू बी. आज दिवसच तसा हाये." सुपारी मावसेबुवांनी खाऊन टाकली, खोट्या दातांनी.

मी परत चुलीकडे वळले तर मनकर्णाबाई पदर खोचून आडव्या आल्या. "उद्या पेपर, अन् बाई चुलीपाशी? द्या तो झारा इकडं!" पाहुण्यांनीच वाढलं, पाहुण्यांनीच भांडी घासली. मला खोलीत कोंडलं. हे मंडळाचे सचिव, पण नाटकाला गेलेच नाहीत. दाराशी स्टूल टाकून बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला "अभ्यास सुरू हाये" म्हणून हाकललं. मधूनमधून स्वतःच दार लोटून विचारायचे, "चपळले इंग्रजीत काय म्हणते? क्विक?" सहा वेळा विचारलं.

सकाळी जीपमध्ये माझ्यासोबत सतरा पाहुणे चढले, सोडायला म्हणून. पेपर सुटून बाहेर आले तर सतराही जण झाडाखाली एकमेकांच्या खांद्यावर घोरत होते. हे एकटे फाटकाला नाक लावून उभे. "कसा गेला?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही ग. एका प्रश्नात हेतू, परिणाम, तुलना आली होती. लिहिताना पेन कुठे अडलं नाही, एवढं सांगते.

धुरपता

नागभीड
१९ फेब्रुवारी

धुरपते,

माझा सल्ला चुलीत घातलास ते फार बरं केलंस. वीस वर्षं मी मुलांना उत्तरं सांगत आले, आणि या वेळी माझंच उत्तर चुकलं. तुला गप्प बस म्हणताना मला तुझी नोकरी दिसत होती. तुला मोनाली दिसली.

बाकीचे पेपर नीट दे, निकालाची मी आत्तापासूनच वाट पाहते आहे. मला झोप नाही आणि तू मात्र मजेत मोह वेचत असशील.

उर्वशी

खैरटोला
३ जून

उर्वशी,

निकाल लागला तेव्हा मोनालीने तुला फोन केला होताच, मार्क तुला ठाऊक आहेत. तरी माझ्या हाताने लिहू दे. इंग्रजीत सत्तेचाळीस. सत्तेचाळीस! निकाल आला तेव्हा मी जंगलात तेंदूची पानं तोडत होते. हे मोबाईल उंच धरून धावत आले, ओरडत, "सत्तेचाळीस! सत्तेचाळीस!" बायकांना वाटलं, अस्वल मागे लागलं. सगळ्या पुडे टाकून पळाल्या. त्यांना परत गोळा करून आणेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. आणि हो, हे बरेच चपळ आहेत, मी माझं वाक्य मागे घेते.

मनकर्णाबाईंचा निरोप आला आहे. पुढच्या नाटकाला येणार म्हणतात, पोरगी पाहायला नाही, जेवायला. धनराज परमनंट झालेला नाही, तेही त्यांनी आधीच कळवलं.

आता खरी गोष्ट सांगते. काल पर्यवेक्षिकाबाई अंगणवाडीत आल्या, सेविकेचे कागद भरायला. दारात पाच-दहा आया, पोरं, ह्यांची नवी टोपी, सगळं होतं. बाईंनी नाव लिहिलं, वय लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "शिक्षण?"

मी तोंड उघडायच्या आत हे छाती काढून ओरडले, "बारावी पास!"

चोवीस वर्षं हे दोन शब्द ऐकले की मी खाली बघायची. कोणी तरी पातेलं हलवायला सांगितल्यासारखी उठून आत जायची. काल उठले नाही.

"थांबा जी," मी ह्यांना म्हटलं. "मले सांगू द्या."

बाईंकडे बघून म्हटलं, "बारावी. एकदा नापास, एकदा पास."

बाई म्हणाल्या, "फॉर्मात एवढी जागा नाही हो."

मी म्हटलं, "मंग पास लिवा. पण ऐकून दोन्ही घ्या."

धुरपता
सेविका, अंगणवाडी, खैरटोला